बीएस्सीला कुठला विषय घेऊ, आणि रिसर्चला जाऊ का? : वाचकांचे प्रश्न

निकाल लागले की या सदराकडे येणारे प्रश्न एकदम वाढतात आणि यंदा निम्म्याहून जास्त सायन्सवालेच आहेत. बीएस्सीला काय घेऊ, चौथं वर्ष करू का, पीएचडी करून पोट भरतं का. काही प्रश्न इतके सारखे आहेत की त्यातला एकेकच घेतलाय, बाकीच्यांनी उत्तर आपल्यालाच दिलंय असं समजून वाचा.

ताई, मी बार्शीची. बारावीला पीसीएमबी होतं. नीटचा स्कोर एमबीबीएसला पुरत नाही आणि बीएएमएसला मला जायचं नाही. बीएस्सी करायचं ठरवलंय. आवडतं फिजिक्स, पण मार्क केमिस्ट्रीत जास्त आहेत. फॉर्म भरताना मेजर-मायनर विचारतात, ते नीट कुणी समजावून सांगत नाही. मॅथ्स सोडलं तर चालेल का? आत्या म्हणते साधं बीएस्सी करून काय होतंय, बायोटेक घे.

आधी आत्याचं घेऊ. बायोटेक वाईट नाही, पण पदवीच्या नावावर जाऊ नकोस. बायोटेक, फॉरेन्सिक, नॅनो असं काही नाव असलं की घरच्यांना बरं वाटतं, पण पुढे एमएस्सीच्या चांगल्या जागांसाठी जी जॅम परीक्षा असते तिचे पेपर सातच आहेत : फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स, जिऑलॉजी, बायोटेक्नॉलॉजी आणि इकॉनॉमिक्स. म्हणजे बायोटेकचा पेपर आहे, पण तुझं मन फिजिक्समध्ये असताना बायोटेकची पदवी घेतलीस तर फिजिक्सची एमएस्सी जवळजवळ बंदच होते. उलटं मात्र होऊ शकतं. वेंकटरामन रामकृष्णन यांनी बडोद्याला बीएस्सी फिजिक्सच केलं, पीएचडीही फिजिक्समध्ये केली आणि त्यानंतर ते जीवशास्त्राकडे वळले, २००९ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यांना पेशीतल्या रायबोसोमवरच्या कामासाठी मिळालं. सगळ्यांचं असं होत नाही हे मलाही कळतं, पण गणिताकडून जीवशास्त्राकडे जायची वाट उघडी असते आणि जीवशास्त्राकडून गणिताकडे परत येणारे फार थोडे दिसतात, म्हणून मॅथ्स सोडू नकोस. फिजिक्सला ते लागतंच, केमिस्ट्री घेतलीस तरी क्वांटम आणि थर्मोडायनॅमिक्स आलं की मॅथ्स सोडलेली पोरं अडकतात, शेवटी उत्तरं पाठ करून पास होतात. मायनरला तरी ठेवच.

आता मेजर-मायनर. ज्या विषयात तुझी पदवी होणार तो मेजर, सोबतीचा दुसरा विषय मायनर, आणि ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आपल्या शाखेबाहेरचं काहीतरी. पूर्वी पुणे विद्यापीठात एफवायला चार विषय, एसवायला तीन आणि टीवायला एक अशी रचना होती, पोरांना दोन वर्षं विषय चाखून बघता यायचे. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक विद्यापीठाने आपापली मांडणी केली आहे, कुठे पहिल्या वर्षी सगळे विषय सारखेच ठेवून पुढे मेजर ठरवतात, कुठे सुरुवातीलाच. त्यामुळे पुण्याच्या मैत्रिणीचं ऐकून सोलापूर विद्यापीठाचा फॉर्म भरू नकोस. कॉलेजात जाऊन विचार की मेजर नक्की कधी ठरतं, एकदा ठरल्यावर बदलता येतं का, आणि मला हवी ती जोडी, म्हणजे फिजिक्स मेजर मॅथ्स मायनर, टाइमटेबलात खरंच बसते का. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे कारण माहितीपत्रकात जोडी असते आणि प्रत्यक्षात दोन्ही तास एकाच वेळी लावलेले असतात.

फिजिक्स की केमिस्ट्री हे बारावीच्या मार्कांवर ठरवू नकोस, त्या मार्कांत पाठांतर किती आणि प्रॅक्टिकलचे वाटलेले मार्क किती ते तुलाही माहीत आहे. रोजचं काम काय असतं ते बघ. ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये दिवस कसा जातो सांगते. सकाळी रिॲक्शन लावायची, तासातासाने थेंबभर काढून टीएलसी प्लेटवर ठिपका द्यायचा आणि ती प्लेट यूव्ही दिव्याखाली धरून बघायचं की सुरुवातीचा पदार्थ संपला का. संपला नसेल तर थांबायचं. संपला असेल तर काचेच्या नळीत सिलिका भरून मिश्रण वरून सोडायचं आणि खाली एकामागून एक टेस्ट ट्यूब लावत बसायचं, आणि शेवटी हाताला लागतात काही मिलिग्रॅम, तेही बऱ्याचदा नको असलेल्या गोष्टीचे. ज्याला यात मजा येते त्याला केमिस्ट्री. फिजिक्सच्या लॅबमध्ये हात कमी आणि डोकं जास्त थकतं, रीडिंग घ्यायला अर्धा तास आणि त्यातली चूक किती, ती कुठून आली हे शोधायला अख्खा दिवस, ग्राफ सरळ येत नसेल तर तो का येत नाही यावर झोप उडाली पाहिजे. तू फॉर्म भरायच्या आधी प्रॅक्टिकलच्या वेळेत कॉलेजात जा. एका उपकरणावर किती पोरं उभी आहेत, टीवायचे विद्यार्थी स्वतः प्रोजेक्ट करतात की जुनी फाईल उतरवतात, हे दारातून दिसतं आणि ते माहितीपत्रकापेक्षा जास्त सांगतं.

नोकरीचं स्पष्ट सांगते. महाराष्ट्रात बीएस्सी-एमएस्सीनंतर लगेच नोकरी म्हटली तर केमिस्ट्रीचं पारडं जड आहे, लोटे, महाड, कुरकुंभ, तारापूर इथले कारखाने क्यूसीला, म्हणजे माल तपासायला, आणि आर अँड डीला केमिस्ट घेतात. फिजिक्सला थांबावं लागतं, एमएस्सी तरी करावीच लागते. ती थांबायची तयारी घरी आहे का हे आधी बोलून घे.

आणि एक, तुझं पीसीएमबी झालंय ते फुकट घालवू नकोस. आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्था आहेत, त्यांच्या आयएटी या प्रवेशपरीक्षेत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो चारही विषयांचे सारखे प्रश्न असतात, आणि नायसर व मुंबईच्या कलिना कॅम्पसमधली सीईबीएस या तशाच दोन संस्थांसाठी नेस्ट ही परीक्षा असते. यंदा बारावी झालेल्यांना पुढच्या वर्षीही या परीक्षा देता येतात. बीएस्सीला ॲडमिशन घे आणि वर्षभर त्याचा अभ्यास कर, दोन्ही होतं. आयसरला पाच वर्षांत बीएस-एमएस एकत्र होतं आणि सुरुवातीला सगळे विषय शिकवूनच पुढे मेजर निवडायला सांगतात, तुझ्यासारख्या न ठरलेल्या मुलीला तेच सोयीचं.

नमस्कार. माझं चिपळूणला किराणा दुकान आहे. मुलगी टीवाय बीएस्सी मायक्रोबायोलॉजीला आहे आणि म्हणते एमएस्सी करून पीएचडीच करणार. ती हुशार आहे, अडवायचं नाही. पण हे शिक्षण किती वर्षं चालतं आणि पैसा किती लागतो? तिच्या आईला लग्नाची काळजी आहे.

दादा, तुम्ही अडवायचं नाही म्हणताय यातच अर्धं काम झालं. वर्षांचा हिशेब असा : एमएस्सी २ वर्षं, पीएचडीला नियमाने किमान ३ आणि जास्तीत जास्त ६. लॅबच्या विषयात ५ धरून चाला, मायक्रोबायोलॉजीत त्याआधी झाली तर नशीबच. म्हणजे आजपासून सात वर्षं.

पैशाचा हिशेब मात्र तुम्हाला वाटतोय तसा नाही. खर्च एमएस्सीच्या दोन वर्षांचा. पीएचडीला उलट पैसे मिळाले पाहिजेत, आणि मिळत नसतील तर तिने सुरूच करू नये असं माझं ठाम मत आहे. सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, पुढे ४२,००० आणि वर घरभाडं. हे दर २०२३ पासूनचे आहेत. लाइफ सायन्सवाल्यांना त्याशिवाय केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची म्हणजे डीबीटीची बेट परीक्षा आहे, वैद्यकीय संशोधन परिषदेची म्हणजे आयसीएमआरची जेआरएफ आहे, म्हणजे एका परीक्षेवर सगळं अवलंबून नाही. शिवाय बीएस्सीनंतर थेट इंटिग्रेटेड पीएचडीला घेणाऱ्या संस्था आहेत, पुण्याचं आयसर, बंगळूरची आयआयएस्सी, तिथे एमएस्सी आणि पीएचडी एका ॲडमिशनमध्ये होतं. तिने यंदा जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आणि एमएस्सी बायोटेकसाठी गॅट-बी, दोन्ही द्याव्यात.

पण हे सगळं करण्याआधी तिला एकदा खऱ्या रिसर्च लॅबमध्ये राहू द्या. कॉलेजचं प्रॅक्टिकल म्हणजे रिसर्च नाही, कॉलेजात उत्तर आधीच माहीत असतं. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची समर रिसर्च फेलोशिप देतात, अर्ज साधारण आदल्या वर्षाच्या शेवटी भरायचे असतात, टीवायला असताना भरता येतो. पुण्यात पेशींवर काम करणारी एनसीसीएस आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही आहे. प्लेटवर बुरशी येऊन तीन आठवड्यांचं काम कचऱ्यात टाकताना ज्या मुलीला रडू येतं आणि दुसऱ्या दिवशी ती परत माध्यम बनवायला घेते, तिला पीएचडी झेपते. नाही झेपणार असं दिसलं तर दोन महिन्यांत कळेल, दोन वर्षं गेल्यावर नाही.

लग्नाचं तिच्या आईला सांगा की पीएचडी करताना लग्न करणाऱ्या, बाळंतपण झालेल्या मुली प्रत्येक लॅबमध्ये आहेत. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमात महिलांना कमाल मुदतीवर आणखी २ वर्षं आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींना १९३३ साली बंगळूरच्या याच आयआयएस्सीत मुलगी म्हणून आधी नाकारलं होतं, त्यांनी हट्ट धरून जागा मिळवली आणि पुढे केंब्रिजची पीएचडी घेतली. आज संस्थेचं दार उघडं आहे, प्रश्न असतो तो सासरच्या लोकांचा. म्हणून स्थळ बघताना मुलगी काय करते हे पहिल्या भेटीतच सांगा, नंतर बघू म्हणू नका.

मॅडम, मी नांदेडला बीएस्सी तिसऱ्या वर्षाला, मेजर केमिस्ट्री. सीजीपीए बरा आहे. कॉलेज म्हणतंय इथेच चौथं वर्ष ऑनर्स विथ रिसर्च करा, मग एमएस्सी न करता डायरेक्ट पीएचडी. खरंय का? की तीन वर्षांवर थांबून एमएस्सीला जाऊ?

नियम म्हणून खरं आहे. पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के किंवा तेवढा सीजीपीए असेल तर चौथं वर्ष रिसर्चसह करता येतं, आणि चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीला अर्ज करता येतो, आरक्षित प्रवर्गांना ५ टक्के सूट आहे. नेटलाही बसता येतं.

पण नियमात बसणं वेगळं आणि तयार होणं वेगळं. चौथ्या वर्षाचा अर्थ तुझ्या कॉलेजात कोण शिकवतं यावर आहे. यूजीसीची अपेक्षा अशी की ज्या विभागाला हे वर्ष चालवायचंय तिथे पीएचडीचे मान्यताप्राप्त गाईड असलेले किमान दोन कायमस्वरूपी प्राध्यापक हवेत. तुझ्या विभागात असे दोन आहेत का? त्यांच्या लॅबमध्ये सध्या कुणी काम करतंय का? केमिकल आणायला पैसे आहेत का, की प्रोजेक्ट म्हणजे इंटरनेटवरून माहिती गोळा करून बांधलेली फाईल? एनएमआर, म्हणजे रेणूची रचना ओळखायची तपासणी, कुठून काढून आणतात ते विचार, उत्तर लगेच आलं तर काम चालू आहे, इकडेतिकडे बघायला लागले तर समजून जा.

दोन गाईड आहेत आणि काम खरंच चालतंय, तर कर चौथं वर्ष, त्यानंतर एमएस्सी करायची झाली तरी ती एका वर्षाची होते म्हणजे काहीच वाया जात नाही. तसं नसेल तर तीन वर्षांवर पदवी घे आणि जॅम देऊन आयआयटीला किंवा सीयूईटी-पीजी देऊन एखाद्या केंद्रीय विद्यापीठात दोन वर्षांची एमएस्सी कर. मला स्वतःला विचारशील तर छोट्या गावातून आलेल्या पोरांनी एमएस्सीला एकदा घराबाहेर पडावं असंच वाटतं. चांगल्या लायब्ररीत बसायला मिळतं, चालू असलेलं मशीन बघायला मिळतं, आणि सोबतचे दहाजण नेटचा अभ्यास करताना दिसले की आपणही करतो. डायरेक्ट पीएचडी ऐकायला छान आहे पण इंटरव्ह्यूला तुझ्या शेजारी दोन वर्षं एमएस्सी केलेला बसलेला असतो, त्याच्याएवढं ऑरगॅनिक तुला यायला लागतं.

ताई, जळगाव जिल्ह्यातून लिहितोय. वय ३१, एमएस्सी ऑरगॅनिक, सेट पास. चार-पाच वर्षं सीनियर कॉलेजला सीएचबीवर, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर, शिकवतोय. सगळे म्हणतात पीएचडी असल्याशिवाय कायम होणार नाहीस. कॉलेजपासून ४० किलोमीटरवर एक गाईड तयार आहेत, पार्ट टाइम करा म्हणतात. करू का? लग्न झालंय, एक मुलगा आहे.

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं आणि रागही आला, कारण अशी पत्रं प्रत्येक जिल्ह्यातून येतात. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवायचं, सुट्टीत हातात काही नाही, आणि विद्यार्थी मात्र सर म्हणून मान देतात म्हणून गाव सोडवत नाही. हे राज्याने पोरांवर लादलेलं आहे, तुमची त्यात काही कमी नाही.

म्हणून सरळ बोलते. सहायक प्राध्यापक पदासाठी किमान पात्रता नेट, सेट किंवा स्लेट, यूजीसीने जुलै २०२३ मध्ये तसं स्पष्ट केलंय, पीएचडी सक्तीची नाही. म्हणजे पात्रता तुमच्याकडे आजही आहे. अडलंय ते जागा निघण्यावर, आणि पीएचडीने जागा निघत नाहीत. शॉर्टलिस्टच्या गुणांत पीएचडीला वजन आहे हे खरं, पण त्या यादीत यायला आधी जाहिरात लागते.

दुसरं, ऑरगॅनिकमध्ये पार्ट टाइम आणि तेही ४० किलोमीटर लांबून, हे काम बसत नाही. रिॲक्शन तुमच्या तासिकेच्या वेळापत्रकाने चालत नाही. सकाळी लावली आणि दुपारी लेक्चर म्हणून निघालात तर रात्री येऊन बघाल तेव्हा तो पदार्थ खराब झालेला असेल. मग होतं काय, वर्षं जातात, सहामाही प्रगती अहवालात तेच ते लिहिलं जातं, आणि शेवटी कुणीतरी पैसे देऊन पेपर छापून देतो म्हणतं. त्या वाटेला जाऊ नका. यूजीसीने २०२२ पासून पेपरची सक्ती काढली आहे, विद्यापीठाची स्वतःची अट असेल तर ती बघा, पण विकत घेतलेला पेपर पुढे आयुष्यभर तुमच्या नावासमोर दिसत राहतो.

मग करायचंच असेल तर पूर्ण वेळ आणि फेलोशिप घेऊन करा. बार्टी अनुसूचित जातींसाठी, सारथी मराठा-कुणबी समाजासाठी, महाज्योती ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी पीएचडीची फेलोशिप देतात, तुम्ही कुठल्या गटात बसता ते मला माहीत नाही पण जाहिरात आली की अट नीट वाचा, त्यात सहसा दुसरी पगारी नोकरी चालत नाही. मंजूर झालेले पैसेही वेळेवर हातात पडतीलच असं नाही, यासाठी पोरांनी आंदोलनं केलेली आहेत, तेव्हा घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय सीएचबी सोडू नका. वहिनी नोकरी करतात का हे तुम्ही लिहिलं नाही, पण हा निर्णय दोघांचा आहे.

आणि गाईड. विद्यापीठापेक्षा गाईड महत्त्वाचा हे मी दरवेळी लिहिते आणि लिहीत राहीन. शोधगंगा या पोर्टलवर देशभरातले प्रबंध मोफत वाचायला मिळतात. त्यावर या गाईडचं नाव टाका, आजवर त्यांच्या हाताखाली किती जणांची पीएचडी झाली ते दिसेल. दोन-तीन प्रबंध उघडा, रजिस्ट्रेशन कधीचं आणि प्रबंध सादर कधी केला हे बघा, एकाला चार वर्षं लागली आणि बाकीच्यांना आठ लागली असतील तर त्यात काय ते आलं. प्रयोगाचा भाग वाचा, स्पेक्ट्रा खरे आणि स्वच्छ आहेत का बघा, तेवढं तुम्हाला एमएस्सीवर कळतं. मग त्यातल्या दोघांना फोन करा आणि विचारा की सर लॅबमध्ये येतात का, ड्राफ्ट किती दिवसांत वाचून देतात, घरची कामं सांगतात का. शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. गाईडची निवृत्ती कधी आहे तेही विचारा, तीन वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही, आणि प्रोफेसरला एका वेळी ८, असोसिएटला ६, असिस्टंटला ४ एवढेच विद्यार्थी ठेवता येतात, तेव्हा जागा खरंच रिकामी आहे का याची खात्री विद्यापीठाच्या यादीतून करा, तोंडी शब्दावर नाही.

तिसरी वाट तुम्ही विचारली नाही पण सांगते. ऑरगॅनिक एमएस्सी, शिकवायचा अनुभव म्हणजे बोलता येतं, लिहिता येतं. हैदराबाद, अंकलेश्वर, कुरकुंभकडे आर अँड डीमध्ये किंवा रेग्युलेटरी कागदपत्रांच्या कामाला असे लोक लागतात. ३१ म्हणजे उशीर नाही, ३५ ला मात्र फ्रेशर म्हणून कुणी घेत नाही. मी तुमच्या जागी असते तर या वर्षी नोकरीचे अर्ज आणि फेलोशिपचा अर्ज दोन्ही केले असते आणि जे आधी हाती लागलं ते धरलं असतं. पार्ट टाइमला मात्र हो म्हटलं नसतं.

स्टॅटिस्टिक्स घेऊ की बीएस्सी डेटा सायन्स? (नागपूर)

स्टॅटिस्टिक्स घे, मायनरला मॅथ्स, आणि पायथन व आर या प्रोग्रॅमिंगच्या भाषा बाजूने शिक. डेटा सायन्सच्या नव्या पदव्यांत बऱ्याच ठिकाणी सॉफ्टवेअर वापरायला शिकवतात पण आत काय चाललंय ते घाईत उरकतात, आणि सॉफ्टवेअर तर बदलतच राहणार. स्टॅटिस्टिक्सवाल्याला जॅमचा वेगळा पेपर आहे, आयएसआय म्हणजे भारतीय सांख्यिकी संस्थेचं एमस्टॅट आहे, आणि यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस आहे, तिला पदवीत स्टॅटिस्टिक्स हा विषय असावा लागतो. ही सर्व्हिस आपल्याकडच्या पोरांना माहीतच नसते याचं फार वाईट वाटतं.

मी पाटण तालुक्यातला. आमच्याकडे भूकंपाचे धक्के नेहमीचेच, त्यामुळे मला जिऑलॉजी शिकायची आहे. घरचे म्हणतात दगड बघून पोट भरत नाही.

तुझ्या तालुक्यात तर जगभरचे शास्त्रज्ञ येतात. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप धरणाच्या पाण्याशी जोडून आजही अभ्यासला जातो, कारण तलाव भरल्यावर तिथे धक्के सुरू झाले आणि इतकी वर्षं थांबलेले नाहीत. त्यासाठी कराडला केंद्र सरकारची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे आणि तुमच्याच भागात गोठण्याला सुमारे ३ किलोमीटर खोल छिद्र पाडून खालचा खडक वर काढलाय. काळ्या कातळाच्या थरांखाली किती खोलवर ग्रॅनाइट लागतो ते त्यातून प्रत्यक्ष हाताला लागलं. मिळाली परवानगी तर ते गाभे, म्हणजे छिद्रातून काढलेले खडकाचे लांब तुकडे, जाऊन बघ, एक दिवस सुट्टी काढ.

पोट भरतं. जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियासाठी यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा आहे, एमएस्सीनंतर. राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, बोगदे आणि धरणांच्या कामाला खासगी कंपन्या भूवैज्ञानिक घेतात, विहीर कुठे खणायची हा तर प्रत्येक गावाचा प्रश्न. अडचण कॉलेजची, हा विषय फार थोड्या ठिकाणी आहे, पुण्यात फर्ग्युसनला आहे. सीट कमी असल्या तरी रांगही कमी असते. उन्हात पाठीवर दगड घेऊन चालायची तयारी ठेव.

फोंड्याहून लिहितेय. झूलॉजी टीवायला आहे. समुद्रावर रिसर्च करायचा आहे, परदेशात जायलाच हवं का?

अगं, तू आहेस तिथून तासाभरावर दोनापावलची एनआयओ ही समुद्रविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे आणि वास्कोला ध्रुवीय व सागरी संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र, अंटार्क्टिकाच्या मोहिमा तेच केंद्र आखतं. देशभरातली पोरं यासाठी गोव्याला येतात. गोवा विद्यापीठात मरीन सायन्सची एमएस्सी कर, सीएसआयआर-नेटला लाइफ सायन्सेस किंवा अर्थ सायन्सेसचा पेपर दे, दुसऱ्यात समुद्रविज्ञान येतं पण फिजिक्स-मॅथ्सही बरंच येतं. परदेशी जायचंच झालं तर लक्षात ठेव, अमेरिकेत पीएचडीला सहसा फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा लॅबच्या कामाचा स्टायपेंड मिळतो, युरोपात बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स लागतं आणि जर्मनीत पीएचडी करणारा बऱ्याचदा पगारी करारावर असतो. कर्ज काढून पीएचडी करायची नाही, कुठल्याच देशात.

आत्ता मात्र एनआयओतल्या एका शास्त्रज्ञाला ईमेल लिही. त्यांचा अलीकडचा एक पेपर वाच, अर्धा कळला तरी चालेल, त्यातला तुला पडलेला एक खरा प्रश्न दोन ओळींत लिही, मग तू कोण, कुठल्या महिन्यात किती आठवडे येऊ शकतेस ते लिही आणि मार्कशीट जोड. तोच मजकूर दहाजणांना पाठवू नकोस, त्यांना लगेच कळतं, ते एकमेकांच्या शेजारीच बसतात. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण कर, मग पुढच्याला लिही.